पेशव्यांच्या घरांतील तीन पाळणे : पुरंदर, धार व कोपरगांव

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें जमविणाऱ्या मंडळींस एक जुनी खोड आहे, आणि तींत आम्हीही वांटेकरी आहों. रुमाल सोडला कीं हात प्रथम तहाच्या, स्वारीच्या किंवा सनदेच्या कागदाकडे जातो. डिंक, खारीक, शेपा, ओवा, वेखंड अशा जिनसांची याद निघाली, तर ती घरखर्चाची म्हणून बाजूस पडते. पत्राच्या शेवटीं मुलांच्या खुशालीची ओळ असली, तर नक्कल करतांना ती गाळण्याकडे आपला कल असतो. या संवयीमुळें इतिहासाचें किती नुकसान होतें, हें एका प्रसिद्ध घराण्याच्या उदाहरणानें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शके १६९६ पासून पुढें सुमारें दहा वर्षांच्या अवधींत भट पेशव्यांच्या कुळांत तीन मुलगे जन्मले. एक पुरंदरावर, दुसरा धारेच्या किल्ल्यांत, व तिसरा कोपरगांवीं. तिघांसही पुढें पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. तिघांपैकीं दोघांनीं पित्याचें मुख पाहिलें नाहीं, आणि तिसऱ्यास तें पुष्कळ काळ पाहतां आलें नाहीं. या तीन पाळण्यांपुरतें तरी घरचें दप्तर निराळें व दौलतीचें दप्तर निराळें, असा भेद करतां येत नाहीं, असें आमचें मत आहे.

१

ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें व त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. चुलते रघुनाथराव यांनीं पेशवाई घेतली. परंतु सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृति मुत्सद्द्यांनीं जें कारस्थान रचिलें, त्याचा सारा भार या गर्भावर होता. जानेवारी १७७४ मध्यें गंगाबाईंस पुण्यांतून काढून पुरंदरावर नेण्यांत आलें. सोबत घरांतील वडील स्त्री म्हणून सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. पुण्याच्या आग्नेयेस असलेला हा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंच आहे. पोंचण्यास अवघड व राखण्यास सोपा, हा त्याचा गुण बारभाईंस पटला असावा. बाळंतिणीच्या सोयीचें स्थळ म्हणून त्याची निवड कोणी केली नसती.

तेथें शके १६९६, जयनाम संवत्सर, वैशाख शुद्ध ७, म्हणजे ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं गंगाबाईंस मुलगा झाला. पतीच्या मृत्यूचें सुतक धरल्यापासून आठ महिने पुरे होण्यापूर्वींच त्याच बाईस पुत्रजन्माचें सुवेर आलें. ज्या घरीं साखर वांटावयाची, त्याच घरची स्वामिनी विधवा होती. मुलाचें नांव मृत काकांवरून माधवराव ठेविलें. पुढें तेच सवाई माधवराव म्हणून प्रसिद्ध झाले.

याच जन्माविषयीं एक वदंता आहे. गंगाबाईंबरोबर कांहीं अन्य गर्भवती ब्राह्मण स्त्रियाही गडावर ठेविल्या होत्या, आणि मुलगी झाल्यास अदलाबदल करावी असा त्यांत हेतु होता, असें बोललें जाई. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत या प्रवादाचा उल्लेख केला आहे. संशोधकानें अशा प्रवादास भिऊं नये व त्यावर विसंबूंही नये. मूल खरें नव्हे असें ठरल्यास लाभ कोणाचा होता, तें उघड आहे. रघुनाथरावांच्या पक्षाचा सारा दावाच त्यावर उभा राहत होता. दुसरें असें कीं, आईस दूध न आल्यास दाई जवळ असावी ही काळजी कोणत्याही संपन्न घरांत घेत. आणि ज्या बाळावर दौलत अवलंबून, त्याच्याविषयीं ती अधिकच घेतली असल्यास नवल नाहीं. गडावर दूध पाजणाऱ्या स्त्रिया होत्या एवढ्यावरून अदलाबदलीचा कट सिद्ध होत नाहीं.

येथेंच घरगुती कागदाचें महत्त्व ध्यानांत येतें. सुइणीस काय दिलें, दाईचा शिधा कोणत्या दिवसापासून लागला, पांचवी-सटवीच्या पूजेस व बारशास कोणता खर्च पडला, या नोंदी कोणाचें मत बनविण्यासाठीं लिहिलेल्या नसतात; कारकून त्या हिशेब जुळावा म्हणून लिहितो. शंभर पत्रांतील आग्रहापेक्षां अशी एक कोरडी याद पुष्कळदां अधिक विश्वसनीय ठरते.

आणखी एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत घ्यावी. पुत्रजन्म झाला असतां सपिंडांस दहा दिवसांची वृद्धि येते, व त्या अवधींत वार्ता कळल्यास उरलेले दिवस पाळावे लागतात, असें धर्मशास्त्र आहे. पुरंदरावर जन्मलेला मुलगा रघुनाथरावांच्या सख्ख्या पुतण्याचा मुलगा. तेव्हां शास्त्राप्रमाणें ती वृद्धि प्रतिपक्षाच्या छावणींतही लागू होती. जन्म खरा मानणें म्हणजे अशौच मानणें, आणि अशौच मानणें म्हणजे वारस मान्य करणें. ज्या कागदांत सोयर पाळल्याची किंवा न पाळल्याची नोंद असेल, तो कागद दिसावयास धार्मिक असला तरी त्याचें मूल्य राजकीय आहे.

जन्मानंतर चाळीस दिवसांनीं, ता. २८ मे १७७४ रोजीं, सातारच्या छत्रपतींकडून आलेलीं पेशवाईचीं वस्त्रें या बाळास मिळालीं. बाळंतिणीचा शेक-धुरी संपून तिनें खोलीबाहेर पडावें, त्या सुमारास तिचें मूल राज्याचा मुख्य प्रधान झालें. पुढें कारभाराचें बिऱ्हाडच पुरंदरावर पडलें. ता. १ मार्च १७७६ रोजीं कर्नल अप्टननें जो तह केला त्यास पुरंदरचा तह म्हणतात; त्या वेळीं ज्याच्या नांवें तह झाला तो पेशवा दोन वर्षांचाही नव्हता. जुलै १७७७ मध्यें गंगाबाई वारल्या. मूल नुकतेंच चौथ्या वर्षांत गेलें होतें. यानंतर त्याच्या पालनाचा भार पार्वतीबाईंवर आला, व त्याही १७८३ सालीं निवर्तल्या. नाशिककडे राहणाऱ्या आजी गोपिकाबाई यांनीं या नातवास दिनचर्येचा व वर्तनाचा उपदेश लिहून पाठविला, तो इतिहासभक्तांस परिचित आहे. पति, तीन मुलगे व राज्याचें वैभव पाहून त्या सर्वांस मुकलेल्या त्या वृद्धेनें दुरून एवढेंच करणें शक्य होतें.

२

आतां दुसऱ्या पाळण्याकडे वळूं. बारभाईंच्या फौजांपुढें माघार घेत रघुनाथराव माळव्यांतून गुजराथेकडे निघाले. पत्नी आनंदीबाई गरोदर असल्यामुळें त्यांस पवारांच्या धारेच्या किल्ल्यांत ठेवणें भाग पडलें. तेथें ता. १० जानेवारी १७७५ रोजीं त्यांस मुलगा झाला. तेच शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव. पुरंदर व धार येथील जन्मांत नऊ महिन्यांपेक्षांही कमी अंतर आहे. नात्यानें मात्र धारेचें बाळ हें पुरंदरच्या बाळाचा चुलत चुलता होय.

संग्राहकांसाठीं येथें एक सूचना करणें अवश्य वाटतें. इंग्रजी सालें पाहिलीं तर एक जन्म १७७४ मधला व दुसरा १७७५ मधला. परंतु शक-संवत्सर चैत्रांत पालटत असल्यामुळें दोन्ही जन्म शके १६९६, जयनाम संवत्सरांतीलच ठरतात. अर्थात् या संवत्सराचें, पेशव्यांच्या घरीं पुत्र झाल्याचें व बाळंतीण सुखरूप असल्याचें पत्र हातीं आलें आणि मास-तिथीचा भाग फाटलेला असला, तर तें पुरंदरचेंच असें धरून चालूं नये. पत्राचें स्थळ, लिहिणाराचा पक्ष व ऋतूचा उल्लेख हीं पाहूनच निर्णय करावा. वैशाखांतील बाळंतीण व ऐन थंडींतील बाळंतीण यांच्या खर्चाच्या यादीही सारख्या असणार नाहींत.

धारेच्या बाळाच्या वांट्यास वस्त्रें आलीं नाहींत, वेढा आला. खंडेराव पवारांनीं उघडपणें रघुनाथरावांचा पक्ष धरला म्हणून पुणें दरबारच्या फौजेनें किल्ला वेढला व पवारांचा मुलूख जप्त केला. आनंदीबाई व त्यांचें तान्हें मूल स्वाधीन केल्यावरच तो मुलूख मोकळा झाला. एका बाळंतिणीच्या व अंगावर पिणाऱ्या मुलाच्या मोबदल्यांत एका संस्थानिकाचा प्रदेश परत मिळाला, ही गोष्ट राजकारणाच्या वर्णनांत एका वाक्यांत संपते. पिता त्या वेळीं दूर गुजराथेंत असून मार्च १७७५ मध्यें सुरतेस इंग्रजांशीं तह करण्यांत गुंतला होता.

आनंदीबाईंचें नांव काढतांच 'ध' चा 'मा' केल्याची आख्यायिका आपल्या तोंडीं येते. नारायणरावांच्या खुनाच्या दोषाचा विचार हा या लेखाचा विषय नाहीं, आणि त्यांची तरफदारी करण्याचाही आमचा उद्देश नाहीं. परंतु एका अक्षराच्या गोष्टीनें साऱ्या आयुष्याचा निकाल लावण्याची संवय संशोधकास शोभत नाहीं. धारेच्या किल्ल्यांत वेढ्यांत सांपडलेली बाळंतीण ही त्याच बाईच्या चरित्राचा भाग आहे, व तोही पुराव्यानिशीं लिहिला गेला पाहिजे.

३

ता. १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. इंग्रजांनीं पक्ष सोडल्यावर रघुनाथराव गोदातीरीं कोपरगांवीं येऊन राहिले. कुटुंब एकत्र नांदलें तें थोडेच दिवस. ता. ११ डिसेंबर १७८३ रोजीं ते वारले. आनंदीबाई त्या वेळीं पुन्हां गरोदर होत्या, आणि १७८४ सालीं कोपरगांवीं त्यांस मुलगा झाला. त्याचें नांव चिमाजी आप्पा.

या घराची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. वडीलपणाच्या जागीं अमृतराव, ज्यांस औरस पुत्र नसतांना रघुनाथरावांनीं १७६८ सालीं दत्तक घेतलें होतें. दुसरे नऊ वर्षांचे बाजीराव, ज्यांचें बाळपण प्रतिपक्षाच्या नजरेखालीं गेलें. आणि पाळण्यांत पितृहीन तान्हें मूल. भोंवतीं पुणें दरबारचा पहारा. दहा वर्षांपूर्वीं गंगाबाईंवर जो प्रसंग आला होता, तोच आतां आनंदीबाईंवर आला. फरक इतकाच कीं, गंगाबाईंच्या मुलाची प्रतीक्षा सारी दौलत करीत होती, आणि या मुलाच्या जन्मानें दरबारास एक चिंता वाढली. पुढें हें कुटुंब नाशिकजवळ आनंदवल्लीस गेलें. १७९४ सालीं आनंदीबाई वारल्या, व हे बंधु जुन्नरास शिवनेरीच्या पहाऱ्यांत राहिले.

शके १६९६ मधील दोन्ही बाळें आतां विशींत आलीं होतीं. एक गादीवर असून नाना फडणिसांच्या देखरेखींत होता, दुसरा उघड कैदेंत. बळवंतराव नागनाथ याच्या हस्तें दोघांमध्यें गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला, व तो उघडकीस येतांच नानांचा मोठा कोप झाला. राजकारणी लेखक या प्रकरणांत बाजीरावांचें कपट पाहतात, आणि तें नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि सवाई माधवरावांस त्या पत्रांची ओढ कां लागली, हें समजण्यासाठीं पुरंदरावरील त्यांचें बाळपण जाणलें पाहिजे. आई, तिच्या मागून आजी म्हणून सांभाळणारी पार्वतीबाई, हीं दहाव्या वर्षाच्या आंत गेलीं. सख्खें भावंड नव्हतें. समवयस्क आप्त म्हणावा असा कुळांत जो होता, तो बंदींत होता. ऑक्टोबर १७९५ मध्यें शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून सवाई माधवरावांचा अंत झाला.

त्यानंतर जें झालें तें नात्यांच्या दृष्टीनें विलक्षण आहे. १७९६ सालीं कोपरगांवचें तें बाळ, म्हणजे बारा वर्षांचे चिमाजी आप्पा, यांस सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवे करण्यांत आलें. यशोदाबाई स्वतः त्या वेळीं अल्पवयीनच होत्या. चुलता पुतण्याचा पुत्र झाला, आणि सख्खा भाऊ बाजीराव हा नात्यानें चुलत आजा ठरला. हें दत्तविधान पुढें रद्द ठरून चिमाजी आप्पांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. डिसेंबर १७९६ मध्यें बाजीराव पेशवे झाले, आणि १८१८ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत राज्य बुडालें.

४

या तीन मुलांच्या पुढील चरित्रांतील दोषांचा झाडा आपण पुष्कळ वेळां घेतला आहे. सवाई माधवराव कां खचले, बाजीराव कां कोणावर विश्वास ठेवीनासे झाले, याविषयीं मतें पुष्कळ आहेत. परंतु त्यांस कोणीं पाजलें, कोणीं निजविलें, दुखण्यांत कोण उशाशीं बसलें, हें सांगणारे कागद आपण किती जपले? बाळपणानेंच सर्व ठरतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याचें बाळपण कळत नाहीं, त्याच्या स्वभावाविषयीं निकाल देण्याची घाई करूं नये, एवढें खास.

रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, आणि त्यांत पेशव्यांच्या खासगी जीवनास स्वतंत्र स्थान मिळालें, हें त्या संपादनाचें मोठें वैशिष्ट्य होय. परंतु सरकारी दप्तरांत जें आलें तें धन्याच्या घरचें. सरदार, कारकून, उपाध्ये, वैद्य यांच्या घरांतील रुमाल अद्यापि माळ्यावर व कणगींत पडून आहेत. बाळंतविड्याची याद, जन्मटिपण, बारशाचा अहेर, मुलांच्या औषधाचा कागद यांस जुन्या घरांत कोणी वारस राहत नाहीं. रद्दींत प्रथम जातात ते हेच.

म्हणून आमची संग्राहक बंधूंस विनंति आहे कीं, पुढील रुमाल सोडतांना जिनसांची याद बाजूस टाकूं नये. नक्कल करतांना पत्राची शेवटची ओळ गाळूं नये. आणि सुईण, दाई, खेळवी यांचें नांव आढळल्यास तें सूचींत सरदाराच्या नांवाइतक्याच काळजीनें नोंदवावें. पुरंदर, धार व कोपरगांव येथील पाळणे हालविणाऱ्या स्त्रियांचीं नांवें आज आपणांस सांगतां येत नाहींत. तीं कोणत्या तरी हिशेबाच्या फडदीवर, दोन शेर तांदुळांच्या व एका लुगड्याच्या नोंदीशेजारीं, लिहिलेलीं असण्याचा संभव आहे. इत्यलम्.