मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

मुंबई आणि लंडन यांमधील अंतर किती, असा प्रश्न एकदा आमच्या युनियनच्या कचेरीत निघाला. शाळेशी आमचा संबंध बेताचाच. म्हणून पृथ्वीगोल आणला आणि दोरा ताणून पाहिला. दोरा कास्पियन समुद्रावरून गेला आणि हिशेब सुमारे ७,२०० किलोमीटरांवर आला. सुवेझमार्गे जाणाऱ्या बोटीला मात्र सव्वासहा हजार सागरी मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटर कापावे लागत. १८६९ मध्ये तो कालवा खुला होण्यापूर्वी तर सारी आफ्रिका वळसा घालून जावे लागे.

८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनीव्हा येथे थांबत ते १० जूनला लंडनला पोहोचले. बोटीचे अडीच-तीन आठवडे दोन दिवसांवर आले. भाडे होते १,७२० रुपये. त्याच सुमारास मुंबईच्या गिरणीत किमान मूळ पगार महिना तीस रुपये ठरला होता, महागाई भत्ता निराळा. म्हणजे तिकिटाला सत्तावन्न महिन्यांचा मूळ पगार. त्या पहिल्या फेरीत जामसाहेब होते, दुलीपसिंहजी होते. गिरणीतले कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीपण श्रमिक माणूस त्या विमानात लवकरच बसला. बंदरात खलाशांवाचून खोळंबलेली बोट मालकाला रोज खर्चात टाकते. त्यापेक्षा खलाशी विमानाने पाठविणे परवडते. तिकीट खलाशाचे, वाचलेला वेळ मालकाचा! ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच 'मलबार प्रिन्सेस' चाळीस उतारू आणि आठ कर्मचारी घेऊन कैरोहून जिनीव्हाकडे जात असता वादळी हवेत माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. एकही जण वाचला नाही. उतारूंपैकी बहुतेक सारे विलायतेत बोटीवर रुजू व्हायला निघालेले हिंदी खलाशी होते. त्यांच्या शोधाला चढलेला रेने पायो हा वाटाड्याही हिमाच्या भेगेत पडून मेला.

२४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे बोइंग विमान कोसळले व ११७ माणसे गेली. त्यांत डॉ. होमी भाभा होते, म्हणून तो अपघात शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. भाभांचे मोठेपण आम्ही जाणतो. पण त्या खलाशांपैकी एकाचे तरी नाव या सभागृहात कोणी सांगेल काय? आम्हालाही सांगता येणार नाही, आणि आम्ही तर कामगारांत उभा जन्म काढला.

आता मुंबईहून न थांबता निघालेले विमान दहा तासांच्या आसपास लंडनला उतरते. येताना पाठीशी पश्चिमेचा वारा असल्याने वेळ थोडा कमी लागतो. माँ ब्लाँचे हिम मात्र आपल्याच चालीने सरकते. २०१२ साली त्या हिमनदीतून भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची एक टपालाची थैली वर आली, आणि तीही 'कांचनजंगा'मधलीच होती.