मुदत

गुलमंडीत दिवाळीच्या तोंडावर दोन गर्द्या असतात. एक कापडाची आणि फराळाच्या सामानाची. ती पैठण गेटापासून सुपारी हनुमानाच्या मंदिरापर्यंत कोणालाही दिसते. दुसरी गर्दी पाहायला जरा गल्लीच्या तोंडाशी थांबावे लागते. झेरॉक्सच्या आणि संगणकावर फॉर्म भरून देणाऱ्या दुकानापुढे हातात गुणपत्रिका, छायाचित्रे आणि मोबाइल घेऊन पोरेपोरी उभी असतात. ही हिवाळी परीक्षेच्या फॉर्मांची गर्दी. पहिल्या गर्दीला दिवाळीची घाई, दुसरीला तारखेची.

मागच्या वर्षी या दुसऱ्या गर्दीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. शाळेत हुशार होती. लग्न झाले, आईचे आजारपण आले आणि पदवीचे दोन विषय मागे राहिले. "सर, आज शेवटची तारीख," ती म्हणाली. "उद्यापासून विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब. आणि या वर्षी नाही भरला तर कोर्सची मुदतच संपते. मग पहिल्यापासून." तिच्या पुढे अकरा जण होते आणि दुकानातले यंत्र मधूनच बंद पडत होते.

तिच्या तोंडचा 'मुदत' हा शब्द माझ्या मनात राहिला. अरबीतून फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि दप्तरात, सावकाराच्या वहीत, कोर्टकचेरीत पक्का बसला. मूळ अर्थ नुसता 'कालावधी'. पण मराठीने त्याला दोन तोंडे दिली. 'मुदत संपली' म्हटले की दार बंद झाले. 'मुदत दिली' म्हटले की तेच दार किलकिले राहिले. विद्यापीठांच्या नियमांचा इतिहास मी हौसेने वाचत आलो आहे. तो सगळा मला या दोन तोंडांतच सापडतो. कोणत्या विद्यापीठाने केव्हा मुदत संपवली आणि केव्हा दिली, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

प्रथम हे नियम आले कुठून ते पाहू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्या काळी विद्यापीठ शिकवीत नसे. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची. मग मुलगा खरोखर वर्गात बसला होता, हे विद्यापीठाला कळावे कसे? त्यासाठी कॉलेजच्या प्राचार्याचा दाखला लागे, की या विद्यार्थ्याने इतक्या टर्म पुऱ्या केल्या आहेत. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे चौघे पहिले बी. ए. झाले, तेही याच पद्धतीतून. 'टर्म भरणे' हा आपला शब्द तिथला. इंग्रज टर्म 'ठेवतो', आपण ती भरतो. फी भरतो, फॉर्म भरतो, तशी टर्मही भरतो. आज पोरांच्या तोंडी असलेले 'एटीकेटी' हे त्याचेच नातवंड. एखाददुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गाच्या टर्म भरायला परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. पोरे ते लाजत सांगतात. खरे पाहता नियमपुस्तकातला सगळ्यात दयाळू नियम तोच असावा.

खुद्द लंडनमध्ये टर्म भरण्याची आणखी एक तऱ्हा होती. बॅरिस्टर व्हायचे तर तिथल्या 'इन'मध्ये ठराविक जेवणे जेवावी लागत. जेवण चुकले की टर्म चुकली. गांधीजींनी आत्मचरित्रात या जेवणांची हकीकत गमतीने सांगितली आहे. १९१६ साली या जेवणांना आणखी एक विद्यार्थी आला. आपल्या शहराच्या विद्यापीठाला आज त्याचेच नाव आहे.

भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकून लंडनला आले आणि दोन ठिकाणी नाव घातले: अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. खर्च बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीचा होता. वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली.

इथे एखादा शिक्का आडवा आला असता तर पुढचा इतिहास कसा झाला असता, कोण जाणे! अभ्यास अर्धा टाकून विद्यार्थी निघाला. पट कापायला एवढे कारण पुरे होते. पण प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीवरून लंडन विद्यापीठाने त्यांना परवानगी दिली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवावा. चार वर्षांची मुदत. पैसा दिला नाही, फी माफ केली नाही. फक्त नाव राहू दिले.

त्या चार वर्षांत काय काय झाले ते पाहा. बडोद्याची नोकरी, तिथे अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळेना, कचेरीत शिपाई कागद हातात न देता टेबलावर टाकत. ती सोडून मुंबईस परत. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू. आणि या सगळ्यात पगारातून पै-पै मागे टाकणे, ते लंडनसाठी. थोडी शिल्लक जमली, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली आणि जुलै १९२० मध्ये आंबेडकर बोटीत बसले. मुदत संपायला सव्वा वर्ष उरले होते.

१९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डॉक्टरीचा प्रबंध परीक्षकांनी सुधारून द्यायला सांगितला. तोवर पैसे संपले होते, म्हणून ते मायदेशी परतले आणि सुधारलेला प्रबंध मुंबईहून पाठवला. १९२३ साली लंडनची डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची गोष्ट तर याहून न्यारी. तिथला नियम असा, की प्रबंधाच्या छापील प्रती दाखल केल्याशिवाय पीएच. डी. द्यायची नाही. छपाईला पैसा कुठला? प्रबंध पुस्तकरूपाने निघाला १९२५ साली आणि पदवी हाती आली १९२७ साली, विद्यापीठ सोडल्यावर अकरा वर्षांनी! तरी ती आली. नियम कडक होता, पण त्याने दार लावून घेतले नाही. प्रती येईपर्यंत वाट पाहिली.

आता दुसरे तोंड पाहू, आणि त्यासाठी लंडन सोडून आपल्याच गावात यायला हवे.

निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले. हिंदी भाषेपैकी एका भाषेतून, म्हणजे उर्दूतून, उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे खास खाते उघडून शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणली गेली. १९२३ साली औरंगाबादेत त्याचे इंटरमीजिएट कॉलेज सुरू झाले आणि मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा भाषेवर जीव टाकणारा माणूस त्याचा प्राचार्य होता. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण मराठी घरातल्या मुलाला तिथे आपली भाषा दाराबाहेर ठेवूनच आत जावे लागे, हेही तितकेच खरे.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादेतील आणि हैदराबादेतील वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायचे नाही, असा हुकूम निघाला. मुलांनी तो मानला नाही. वर्ग ओस पडले. वसतिगृहे रिकामी करवून घेण्यात आली आणि मग शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. उस्मानियाखेरीज त्या राज्यात दुसरे विद्यापीठ नव्हते. आणि विद्यापीठांतला शिरस्ता असा, की एकाने शिस्तीसाठी काढलेला विद्यार्थी दुसऱ्याने सहसा घ्यायचा नाही. म्हणजे कॉलेजच नव्हे, तर शिक्षणच बंद. टर्म अर्धी राहिली, परीक्षा तोंडावर आली आणि खेड्यातल्या बापाने जमीन गहाण ठेवून भरलेली फी वाया गेली. बंदूक न उचलता, नुसती लेखणी एका ओळीवरून फिरवून कोणाचे वर्ष, कोणाचे आयुष्य कसे अडवता येते, ते त्या हिवाळ्यात मराठवाड्याने पाहिले.

तेव्हा नागपूर विद्यापीठाने दार उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या काढलेल्या मुलांपैकीच; त्यांनीही नागपूरची वाट धरली. या लढ्याच्या इतिहासात सत्याग्रहींची नावे आदराने घेतली जातात आणि घेतली जावीत. पण मला शिक्षक म्हणून त्या कुलगुरूच्या सहीचे मोल फार वाटते. नियमपुस्तक दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. एकाने त्याच्या आधाराने पट कापला, दुसऱ्याने पट वाढवला. तुरुंगात न जाता, भाषण न करताही त्याने शेकडो घरांतले शिक्षण वाचवले.

बारा वर्षांनी, १९५० साली, चार वर्षांची मुदत घेऊन लंडनहून परतलेला तो विद्यार्थी या गावात कॉलेज काढायला आला. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये इथे कॉलेज उघडले. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी बसवली. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा यवन राजा. कॉलेजच्या परिसरालाही नागसेनवन हेच नाव मिळाले. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणाचेही नाव कसल्याच पटावर चढले नव्हते, अशी मुले मराठवाड्यातून पायी, एसटीने तिथे आली.

त्या कॉलेजच्या परीक्षाही आरंभी उस्मानियाच्याच होत्या. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा हैदराबादचा फेरा चुकला. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी हे आधी मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते. म्हणजे १८५७ पासून मुरलेली टर्मची, फॉर्मची, तारखांची सारी विद्या जाणणारा माणूसच इथे पहिल्या खुर्चीवर बसला. त्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव मिळायला पुढे विधिमंडळाच्या १९७८ च्या ठरावानंतरही सोळा वर्षे लागली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या काळात घरे जळली, माणसे मेली. एका नावासाठी समाजानेही मुदतीवर मुदत मागितली, ती अशी.

कोणी म्हणेल, मग तारखाच नकोत काय? तसे मी म्हणणार नाही; मी शाळेत शिकवतो. किती मुले बसणार हे कळल्याशिवाय प्रश्नपत्रिका छापता येत नाहीत, बाके मांडता येत नाहीत, बैठक क्रमांक देता येत नाहीत. तारीख नसेल तर जो वशिल्याचा तो केव्हाही भरील आणि जो गरीब तो रांगेतच राहील. तारीख सर्वांना एकच असते, हा तिचा मोठा गुण. माझे म्हणणे एवढेच, की ज्या नियमात परत येण्याची वाट आखून ठेवलेली नाही तो नियम अर्धाच लिहिलेला आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी काढली. शिक्षण मध्येच सोडणाऱ्याचे श्रेयांक तिथे सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. एका विद्यार्थ्याला शिफारशीने चार वर्षे मिळाली होती. आता शिफारशीवाचून साऱ्यांना सात. कागदावर ही चांगली मजल आहे. कागदाबाहेर ती किती उतरते, हे खिडकीमागच्या माणसावर राहील.

हे मी त्रयस्थपणे लिहितो असे नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. अकरावीला नाव घातले होते. वडील अंथरुणाला खिळले, फीचे पैसे जमवायला दोन दिवस जास्त लागले आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून उत्तर आले, "तारीख गेली." कोणाची खिडकी ते सांगून आता उपयोग नाही. तो कारकून वाईट नव्हता; त्याच्या हाती जे पुस्तक होते त्यात माझ्यासाठी ओळ नव्हती, किंवा असलीच तर ती शोधण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती. विलंब शुल्क असते, अर्ज करता येतो, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढे पोटापाण्याला लागलो आणि जे शिकलो ते ग्रंथालयात शिकलो. म्हणूनच आता दर वर्षी दहावीच्या मुलांना निरोप देताना फळ्यावर एक वाक्य लिहितो: तारीख गेली म्हटले तर 'अर्ज कोणाकडे करू?' असे विचारा.

त्या संध्याकाळी गुलमंडीत मी माझ्या विद्यार्थिनीबरोबर रांगेत थांबलो. सात वाजून गेले तेव्हा तिचा नंबर लागला. यंत्र पुन्हा अडले, दुकानदाराने ते बंद करून सुरू केले, पैसे गेले आणि पावती छापून बाहेर आली. तिने ती दोनदा वाचली, तिची आणखी एक प्रत काढून घेतली आणि मूळ पावती घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "आता अभ्यास," ती म्हणाली. मी तिला बरे म्हटले आणि रवा-बेसन घ्यायला पुढे निघालो.