नेरचिन्स्क, १६८९ : दोघांचीही नसलेली भाषा

१/ ऑगस्ट १६८९. सायबेरियातील नेरचिन्स्क या रशियन ठाण्याबाहेर दोन साम्राज्यांचे तंबू शेजारी-शेजारी उभे राहिले : चीनचे मांचू घराणे आणि झारचा रशिया. चीनने एखाद्या युरोपीय सत्तेशी केलेला हा पहिला मोठा तह. त्याची प्रमाण प्रत मात्र लॅटिनमध्ये आहे. असे का?

२/ वादाचे मूळ अमूर नदीचे खोरे. मौल्यवान फरच्या शोधात कोसॅक तेथे पोहोचले आणि स्थानिक जमातींकडून खंडणी वसूल करू लागले. मांचूंची मूळ भूमी तेथून जवळच होती. १६८५ मध्ये त्यांनी अल्बाझिनचा किल्ला पाडला. रशियनांनी तो पुन्हा बांधला. १६८६ मध्ये पुन्हा वेढा पडला.

३/ तरीही दोघांना बोलणी हवी होती. मॉस्कोला इतक्या दूर सैन्य पोसणे अशक्य होते, शिवाय बीजिंगच्या बाजारपेठेची ओढ होती. सम्राट कांग्शीला धास्ती होती झुंगार सरदार गाल्दानची. तो रशियाला मिळाला तर?

४/ परकीय वकिलांना नजराणा आणणारे मांडलिक मानणे ही चिनी दरबाराची रीत. येथे ती बाजूला ठेवली गेली. रशियाचा गोलोविन आणि चीनचा सोंगोतू बरोबरीच्या नात्याने समोरासमोर बसले.

५/ आता भाषेचा प्रश्न. चीनकडून दुभाषे होते दोन जेझुइट पाद्री : पोर्तुगीज परेरा आणि फ्रेंच झेर्बियाँ. रशियाकडून बेलोबोत्स्की हा पोलिश विद्वान. या तिघांची समान भाषा एकच, लॅटिन! बोलणी तुटण्याच्या बेतात आली, तेव्हा या पाद्र्यांनीच दोन्ही छावण्यांत खेपा घातल्या.

६/ अखेर रशियाने अल्बाझिन सोडले. अर्गुन व गोर्बित्सा नद्या आणि स्तानोवोय पर्वतरांग ही सीमा ठरली. परवाना असलेल्या प्रवाशांना व्यापाराची मुभा मिळाली. उदा नदीलगतच्या प्रदेशावर एकमत होईना, म्हणून तो निर्णय पुढे ढकलला. न सुटणारा प्रश्न बाजूला ठेवून सुटणारे सोडवणे, हेही मुत्सद्देगिरीचेच अंग.

७/ ही सीमा सुमारे १७० वर्षे टिकली. १८५८ मध्ये अफूच्या युद्धाने आणि ताइपिंग बंडाने चीन खिळखिळा झालेला असताना रशियाने आयगुनच्या तहाने अमूरचा डावा तीर घेतला. नेरचिन्स्कची समता शक्तीच्या समतोलावर उभी होती. तो ढळताच तीही ढळली.

८/ आणि दाउर, एवेंक या ज्या जमातींच्या भूमीवरून रेषा ओढली गेली, त्यांना मात्र त्या तंबूंत स्थान नव्हते. संवादाचा इतिहास वाचताना कोण बोलले हे पाहावेच. कोणाला बोलावलेच नाही, हेही विसरू नये.