पट का घटला?

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली. शेजारचा सिंधुदुर्गही घटला. पूर्वी चाकरमानी एकटाच मुंबईला जाई, मनिऑर्डर धाडी. बायकामुलं गावी राहत. म्हणूनच २००१ मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. पुढे बिऱ्हाडंच विरार-डोंबिवलीला हलली, घरटी मुलंही कमी झाली. गुरुजनहो, तुम्ही शिकवलंत म्हणून आपल्या वर्गातले बहुतेक जण बाहेर पडू शकले, मीही त्यांतलीच. गणपतीत गाव भरतं, पण शाळेचा पट तेवढ्याने भरत नाही. माझं सॉफ्टवेअरचं काम गावात बसूनही होतं. अशी पोट भरणारी कामं इथे आली, तरच आपल्या बाकांवर पुढची मुलं बसतील.