सर्व्होची थरथर : दोष शोधावा कसा?

रेडिओ-नियंत्रित विमानाचे सुकाणू किंवा मोटारीची पुढची चाके वळविण्याचे काम सर्व्हो करतो. रिसीव्हरकडून त्याला साधारणत: दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युतस्पंद मिळतो. हा स्पंद १ ते २ मिलिसेकंद टिकतो आणि त्याच्या लांबीवरून दांडीचा कोन ठरतो. दांडी प्रत्यक्षात कोठे आहे, हे आतील पोटेन्शियोमीटर सांगतो. आदेश, ही माहिती किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीही अस्थिर झाले की सर्व्हो थरथरू लागतो.

तपासणीपूर्वी विमानाचा पंखा काढून ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा.

सर्वच सर्व्हो थरथरत असतील, तर प्रथम वीजपुरवठा पाहावा. चार निकेल-मेटल हायड्राइड सेलच्या संचाचा दाब ४.८ व्होल्ट मानला जातो. मात्र सर्व सर्व्हो एकाच वेळी फिरत असताना तो बराच घसरू शकतो. त्यामुळे मल्टिमीटरने मोजणी भार असतानाच करावी. स्पीड कंट्रोलरमधून मिळणारी वीज अपुरी वाटल्यास रिसीव्हरला स्वतंत्र बॅटरी जोडून पाहावी.

एकच सर्व्हो थरथरत असेल, तर तो दुसऱ्या चॅनेलवर लावावा. दोष सर्व्होबरोबर गेला, तर पोटेन्शियोमीटर झिजला असण्याची शक्यता मोठी. दोष चॅनेलवरच राहिला, तर ट्रान्समीटरची कांडी वा रिसीव्हर तपासावा. जोडदांडी काढताच थरथर थांबली, तर यांत्रिक अडथळा शोधावा.

मोटार सुरू केल्यावरच थरथर होत असेल, तर विद्युत गोंगाटाचा संशय घ्यावा. रिसीव्हर आणि त्याची अँटेना मोटारीच्या तारांपासून दूर न्यावी, लांब वायरींवर फेराइटचे कडे बसवावे. ब्रशच्या मोटारीवर ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर जोडतात. ३५ वा ७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचांना हा त्रास अधिक, २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत तो कमी. मात्र व्होल्टेज फार घसरल्यास या संचाचा रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढा वेळ विमान कोणाच्याच ताब्यात नसते.

म्हणूनच जमिनीवरील किरकोळ थरथरीकडेही दुर्लक्ष करू नये. दोष सापडून दुरुस्त झाल्यावर, संचाच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे मोटार बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत पल्ल्याची चाचणी घ्यावी. त्यानंतरच उड्डाण करावे.