हाय पॅसेज: अंतराळातल्या मिजासखोर उमरावाची कुळकथा

१९६७ साली ई. सी. टब या ब्रिटिश लेखकाची ‘द विंड्स ऑफ गाथ’ ही कादंबरी आली. तिचा नायक अर्ल ड्युमारेस्ट गोठवलेल्या झोपेतून जागा होतो तो भलत्याच ग्रहावर. कुंडच्या महाराणीने जहाज आपल्यासाठी ठरवलं आणि तिच्या मर्जीने ते गाथकडे वळलं. सर्वांत स्वस्त भाड्यात निजून प्रवास करणाऱ्याला विचारतो कोण? खिशात दमडी नाही आणि पुढे जायला भाडं नाही, अशा अवस्थेत ड्युमारेस्टची दीर्घ मालिका सुरू होते.

अमेरिकेतल्या मार्क मिलर यांनी ही मालिका मन लावून वाचली होती. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आल्यावर फासे टाकून गोष्ट रचण्याचा नाद तिकडे झपाट्याने पसरला. १९७७ मध्ये इलिनॉयमधल्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळप्रवासाचा खेळ बाजारात आणला. काळ्या खोक्यात तीन बारीक पुस्तिका, एवढाच ऐवज. टबचे प्रवासाचे वर्ग मिलर यांनी उचलले आणि त्यांना दर लावले: हाय पॅसेज १० हजार क्रेडिट, मिडल ८ हजार, लो १ हजार. लो म्हणजे शीतनिद्रा, आणि त्यातून प्रत्येक जण जागा होईलच याची हमी नाही. किती जण जगतील यावर प्रवाशांनी १०-१० क्रेडिट लावायची सोडतसुद्धा नियमांत आहे! हाय पॅसेजवाल्याला मात्र उत्तम जेवण, १ टन सामान आणि तैनातीला स्टुअर्ड. खोल्या कमी पडल्या तर मिडलवाल्याने त्याच्यासाठी जागा सोडायची.

या खेळात पात्राची सामाजिक प्रतिष्ठाही दोन फाशांवर ठरते. ११ किंवा १२ पडले की घराणं उमरावाचं. म्हणजे साधारण बारांत एक. अंतराळयुगात सरंजामशाही कशाला, याचं ‘ट्रॅव्हलर’ने दिलेलं उत्तर मला फार पटतं. या विश्वात जहाजापेक्षा वेगाने निरोप जात नाही आणि एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे घेतलेल्या झेपेला आठवडा लागतो. राजधानीचा हुकूम पोहोचायला महिनोन्‌महिने जातात. मग दूरच्या प्रांतात सम्राटाच्या वतीने निर्णय घ्यायला ड्यूक आणि बॅरन लागतातच.

तरीही अशा उमरावाची मिजास कप्तानाला का सोसावी लागते, याची खरी मेख कर्जात आहे. २०० टनी ‘फ्री ट्रेडर’ जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाखांच्या घरात, आणि ४० वर्षं दरमहा किमतीचा २४०वा हिस्सा हप्ता, म्हणजे दीड लाखाच्या वर. खोल्या १०, चार खलाशांच्या वगळल्या तर सहा उरतात. महिन्याला दोन झेपा आणि सहाही खोल्या हाय पॅसेजने भरल्या, तरी भाडं होतं १ लाख २० हजार. उरलेलं लो पॅसेज आणि मालवाहतुकीतून काढायचं. शिवाय इंधन आणि पगार आहेतच. अशा कप्तानाच्या दारी एखादी काउंटेस चौपट भाडं घेऊन आली आणि स्वतःचा स्वयंपाकी, पाळीव जनावर, दोन अंगरक्षक बरोबर न्यायचे म्हणाली, तर नाही म्हणायची ताकद कुठून येणार? झेप सुरू झाली की आठवडाभर बाहेरून मदत नाही, की तिला उतरवण्याची सोय नाही.

या प्रसंगाची धार वाढवली ती १९८० च्या ‘७६ पॅट्रन्स’ने. काम देणारा कोण आणि काम काय, हे त्यात थोडक्यात सांगितलेलं असे. खरा प्रकार काय, याचे अनेक पर्याय रेफरीपुढे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यापुढे, ठेवलेले असत आणि निवड फाशावर. त्याच धर्तीवर आपली काउंटेस एका फाशाला नुसतीच लाडावलेली, तर दुसऱ्याला मारेकऱ्यांपासून पळणारी निघू शकते. राक्षस मारण्यापेक्षा हे कसब वरचढ आहे, कारण इथे खेळाडूला तलवार नाही, माणूस सांभाळावा लागतो.

मूळ प्रकाशनसंस्था १९९६ मध्ये बंद पडली. २००८ पासून इंग्लंडची मंगूज पब्लिशिंग ‘ट्रॅव्हलर’ छापते आणि हाय, मिडल, लो हे वर्ग तिच्या नियमांतही कायम आहेत.