दीपमाळेचा वारस

उज्जैनला हरसिद्धी देवीच्या मंदिराच्या अंगणात मराठा काळातल्या दोन दीपमाळा आहेत. दोन्हींवर मिळून १०११ दिवे. लावणारी माणसं खांबावर चढतात आणि एकेका दिव्यापाशी तेलवात पोचवतात. प्रत्येक दिव्याकडे कुणीतरी स्वतः जातं, हे दीपमाळेचं मर्म. गेल्या दिवाळीत टावर चौकाजवळ मावशीच्या गॅलरीत मी पिक्सेल एलईडीची पट्टी लावली, तेव्हा ते मला नव्याने उमगलं.

दिव्यांच्या मधल्या पिढीत हे मर्म हरवलं होतं. लहान बल्बांची सीरीज म्हणजे २३० व्होल्ट सगळ्यांनी वाटून घ्यायचे. एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. पुढे बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी रोलरवर दिवे पळवले. मोटरने फिरणाऱ्या रोलरवर तांब्याच्या पट्ट्या; पट्टी टेकली की तेवढे दिवे लागत. दिवे पळू लागले, पण गटागटाने. एकट्या दिव्याला निरोप द्यायचा तर त्याच्यासाठी वेगळी तार ओढावी लागे.

तारांचा हा गुंता दिव्याच्या पोटातल्या चिपने सोडवला. १९९३ साली जपानात शुजी नाकामुरांनी तेजस्वी निळा एलईडी साधला आणि लाल-हिरव्याला तिसरा जोडीदार मिळाला. चीनच्या वर्ल्डसेमी कंपनीच्या डब्ल्यूएस२८१२बी ह्या दिव्यात, ५ मिलिमीटरच्या चौकोनात, हे तिन्ही रंग आणि चिप एकत्र नांदतात. कंट्रोलर बोर्ड एकाच तारेतून सगळ्यांचे निरोप ओळीने सोडतो. पहिला दिवा पहिले २४ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाचे ८, ठेवून घेतो आणि उरलेले पुढे देतो. दुसराही तेच करतो. आरतीनंतर प्रसादाचं ताट हातोहात सरकतं, तसं. कुणाला वेगळा पत्ता द्यावा लागत नाही. रांगेतली जागा हाच पत्ता. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद लागतात. हरसिद्धीइतके १०११ दिवे असे जोडले, तर सगळ्यांपर्यंत निरोप पोचायला जेमतेम ३० मिलिसेकंद.

निरोप लिहिणारा बोर्डही घरात आला. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी अर्डुइनो तयार झाला. त्यामुळे इंजिनियर नसलेल्यांनाही चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिवा लावता येऊ लागला. नंतरच्या ईएसपी३२ बोर्डात वायफायही आलं.

मावशीकडे मात्र पट्टी पेटेना. सोल्डर पक्कं, पॉवर सप्लाय ५ व्होल्ट देत होता. मग पट्टीवर छापलेला बारीकसा बाण दिसला. निरोप फक्त बाणाच्या दिशेने जातो आणि मी बोर्डाची तार शेवटच्या टोकाला जोडली होती. टोक बदललं आणि मीटरभर पट्टीतले ६० दिवे उजळले.

मावशी म्हणाली, “तुळशीपाशी येतो ना, तो शेवटचा दिवा तेवढा पिवळा कर रे. झेंडूसारखा.”

प्रोग्रॅममध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून शेवटचा दिवा ५९. त्याच्यापुढे लिहिलं: लाल २५५, हिरवा १५०, निळा ०. तुळशीजवळ झेंडूचा रंग उतरला. बाकीचे ५९ दिवे होते तसेच तेवत राहिले.